बांधावर 'या' म्हणत नाहीत

सगळा मुलूख निघताना 'येतो' म्हणतो. 'जातो' म्हटलं की घरातली बाई दटावते, "जातो काय मेल्या, येतो म्हण!" दिवेखारच्या बांधावर मात्र उलटी तऱ्हा. तिथं निघताना 'जातो' म्हणायचं आणि मागं राहणाऱ्यानं 'जा' म्हणायचं. 'ये' आणि 'या' हे शब्द चपलांबरोबर पायथ्याशी काढून ठेवायचे. बांधाच्या एका अंगाला भाताची खाचरं, दुसऱ्या अंगाला खाडी. पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणाला खाडी भर दुपारी बांधाच्या ओठाशी येते आणि विचारते, "येव का?" तिला हो म्हणायचं नाही, नको म्हणायचं नाही, काही म्हणजे काहीच म्हणायचं नाही. हसायचं असेल तर हसा. शहरातून येणारे सगळेच हसतात.

मैना हसत नव्हती. ती भात कापत होती आणि तिच्या दातात गवताची काडी होती.

कोजागिरीची दुपार. ऊन चावत होतं, पायाखालची जमीन अजून ओली होती, आणि वाकून वाकून मैनेच्या कमरेचा खुळखुळा झाला होता. पलीकडच्या कडेला तिचा नवरा दादू भारे बांधत होता. त्याच्याही दातात काडी. उधाणाच्या दुपारी बांधालगत काम करायचं तर काडी धरायची, ही गावाची रीत. तोंडात काडी असली की चुकून शब्द निसटत नाही. विळा बोटाला लागला तरी माणूस 'हूं' करतो आणि गप्प बसतो.

मजूर मिळायचा प्रश्नच नव्हता. गावातल्या बायका आता बंगल्यांच्या चादरी धुतात, आणि बापे रिसॉर्टच्या फाटकावर शिट्टी घेऊन उभे राहतात. आजूबाजूची खाचरं लाल मुरुमानं भरून वर आली होती. त्या भरावाच्या मध्ये दादूचं एकच खाचर खाली राहिलं होतं. दिवाळीच्या आत कापून मोकळं करा, असं सांगून नगरपालिकेची माणसं गेली होती. त्यानंतर तिथंही डंपर येणार होते.

"आई, जेवायला आणलंय!" सून प्राप्ती पाटीत ताटं घेऊन आली. सहावा महिना होता तिला, चालताना एक हात कमरेवर. बांधावर चढायला तिनं पाय उचलला तशी मैनेनं लांबूनच हात हलवला. वर नको. प्राप्ती खालीच बसली. ती पालीकडची, डोंगराच्या कुशीतली पोर. तिकडं खाडी नाही, उधाण नाही. लग्न झाल्यावर पहिल्यांदा बांधावर आली तेव्हा निघताना सवयीनं "येते हां" म्हणाली, आणि मैनेनं तिच्या तोंडावर हात दाबला होता. बिचारी घाबरून रडली होती.

आणि तेवढ्यात आलं. दर उधाणाला येतं तसंच आलं. वारा पडला, बगळे उडाले, बांधापलीकडे पाणी चढून गच्च झालं. मग मैनेच्या कानाशी, अगदी जवळून, बारीक आवाज.

"आये, येव का?"

मैनेनं काडी दातात करकचून धरली.

ज्याचं जे माणूस पाण्यात गेलं, त्याच्या आवाजात खाडी विचारते. दादूला त्याचा बाप विचारतो. मैनेला तिची लेक रुचिता विचारते. नऊ वर्षांची होती रुची. त्या पावसाळ्यात बांध फुटून खांड पडली होती, सगळं गाव माती टाकत होतं, आणि ही बापासाठी भाकरीचं फडकं घेऊन निघाली. "परत आलं का आपन जेवू, आये," म्हणाली. बांधाचा तुकडा तिच्यासकट गेला. फडकं सापडलं, पोर नाही सापडली. मैनेला त्या दिवसाचं सगळं सोसवलं, पण एक गोष्ट गळ्याखाली उतरली नाही. पोर उपाशी गेली. तेव्हापासून दर पुनवेला आणि अवसेला ती विचारते आणि आई गप्प राहते. आईच्या जिवाला काय होत असेल, ते आईनंच जाणावं.

पाणी उतरलं. मैनेनं काडी थुंकली, डोळे पुसले, आणि येऊन जेवायला बसली.

"रडलात का आई?" प्राप्तीनं विचारलं.

"घाम गं. ऊन बघ कसं हाय."

*

आता शहराचं सांगायला हवं. शहर काही फार मोठं नाही. समुद्र आहे, किल्ला आहे, शनिवार-रविवार मुंबईच्या गाड्यांनी रस्ते तुंबतात. सोमवारी कागद आणि बाटल्या उरतात. पण शहर वाढायला लागलं, आणि दोन वर्षांमागे त्याची हद्द दिवेखारच्या वर येऊन बसली. झोपताना गाव होतं, उठलं तर वॉर्ड. मग आराखडा आला. शाळेच्या भिंतीवर मोठा रंगीत नकाशा लावला. दादूच्या खाचरावर हिरवा रंग होता. मैनेला बरं वाटलं. हिरवा म्हणजे भात, दुसरं काय असणार? मग कुणीतरी वाचून दाखवलं, तिथं बाग होणार होती. झोपाळे, कारंजं आणि गाड्या उभ्या करायला जागा. जुनी उघाडी, म्हणजे भरतीला आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी लाकडी दारं, ती बुजवून तिथं सिमेंटचे पाइप बसले. गावातली गटारं आता थेट खाडीला जोडली. आणि बांधावर फरशी घालून लोकांना फिरायला रस्ता झाला. मैना एकदा गोवऱ्यांची पाटी घेऊन त्या फरशीवरून निघाली, तर शिट्टीवाल्यानं अडवलं. शिट्टीवाला गावातलाच, दिनानाथ. मान खाली घालून बोलला, "काकी, खालनं जा. वरनं पावन्यांना जायाचं हाय." मैना खालून गेली. ज्या बांधावर आपण माती वाहिली त्याच्या खालून जाताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हरकती ऐकायला शाळेत सभा घेतली. आराखडा करणाऱ्या मृणाल मॅडम आल्या होत्या. तरुण बाई, बोलायला गोड, सगळ्यांना अहो-जाहो करणारी. वाईट माणूस नव्हे, उगाच कशाला कुणाला नावं ठेवा. बांधाच्या टोकाला जेटीसमोर माणसापेक्षा उंच अक्षरं उभी करायची होती. बोटीतून येणाऱ्यांना लांबून दिसावीत, लोकांनी त्यांच्यासमोर फोटो काढावेत. इंग्रजीत लिहायचं ठरलं होतं. तेव्हा मैनेचा मुलगा सुजित उठला.

हा सुजित. आधी न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा, आता गावी येऊन लाइटीची कामं घेतो. तो ठणकावून बोलला, "मॅडम, आमच्या गावात आमची भाषा पाहिजे. मराठीत लिहा."

"काय लिहू या?"

"हेच की! 'या' लिहा. मोठ्ठं 'या'. खाली बारीक, 'आपलंच आहे'."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गावानं वाजवल्या, हे ऐकून ठेवा. जी माणसं आयुष्यभर दातात काडी धरून राबली त्यांनीच टाळ्या वाजवल्या. मराठीचा अभिमान असा उसळला की कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आलं ते एकट्या दादूच्या. तो मागून उठला, घसा खाकरला.

"ता नको. बांधावर 'या' लिवू नये."

"का हो काका?"

दादू अडखळला. शंभर माणसांत, माइकसमोर, काय सांगणार? "खारी ऐकते," एवढंच बोलला. त्याच्या बोलीत खाडीची खारी होते. मॅडमना वाटलं तो खारीबद्दल, झाडावरच्या खारीबद्दल बोलतोय. त्यांनी मनापासून सांगितलं, "झाडं एकही तोडणार नाही, काका." सभा खो खो हसली. मॅडमना कळेना काय झालं. मग कुणीतरी समजावलं तेव्हा त्याही हसून म्हणाल्या, "मग काय लिहायचं? 'जा'?" त्यावर दादूही हसला. न हसून करतो काय?

घरी आल्यावर मात्र त्यानं पोराला धरलं. "तुला काय अक्कल हाय का न्हाय? आपन त्या बांधावर तोंड उघडत न्हाय, आनि तू पाटी लावतंस?"

"बाबा, पाटी काय तोंडानं बोलते?" सुजित भाकरी मोडत म्हणाला. "बोलायची बंदी हाय, लिवायची कुठं हाय?"

  लिहिण्याचं कुणी ठरवूनच ठेवलं नव्हतं, कारण गावात पूर्वी लिहिणारं कोण होतं?

*

दिवाळीच्या अवसेला उद्घाटन ठेवलं. अक्षरं चार दिवस आधीच उभी राहिली. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, आत दिवे. सुजितनंच वायरी जोडल्या. तोंड खाडीकडे. मैना खळ्यातून परतताना वळून बघायची आणि तिला मागच्या बाजूनं उलटा 'या' दिसायचा. वाचता यायचं नाही, पण कुणाला तरी हाक मारून पाठमोरं उभं राहिल्यासारखं वाटायचं.

अवसेच्या सकाळी शेवटचे भारे उरले होते. सुजित जेटीवर कामात. दादू डोक्यावर भारा घेऊन खळ्याकडे गेला की अर्धा-पाऊण तास यायचा नाही, कारण आता भरावाला वळसा घालून जावं लागे. प्राप्ती घरी स्वयंपाक करत होती. तिचे पाय सुजले होते, म्हणून मैनेनं तिला बांधाकडं येऊ दिलं नव्हतं. "मीच यीन जेवायला, तू हालू नको."

ऊन डोक्यावर आलं. लांब जेटीवर माइक घरघरत होता. मैनेनं काडी दातात धरली आणि खाचरात उभी राहिली. वारा पडला. बगळे उडाले. पाणी चढलं. बांधापलीकडून ते दिसू लागलं, इतकं वर, तेल घातल्यासारखं सपाट.

मैना वाट बघत राहिली.

काहीच आलं नाही.

तिनं मान वाकडी करून कान दिला. माइकवर कुणीतरी 'हॅलो, हॅलो' करत होतं. त्याखेरीज चिडीचूप. पाणी चढतच होतं, पण विचारत नव्हतं.  खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मैनेला भीती नाही वाटली, तिला रडू आलं. इतकी वर्षं ज्या आवाजाला भिऊन काडी चावली, तो आवाज म्हणजे तिची पोर होती. तेवढीच उरली होती. तीही गेली का?

तिनं काडी काढली. ओठ उघडले. "रुची?" आयुष्यात पहिल्यांदा ती बांधाशी बोलली.

उत्तर नाही. आणि मग मैनेच्या ध्यानात आलं. विचारायचं कशाला? ज्याला 'या' म्हटलंय तो दारात थांबून पुन्हा विचारतो का?

विळा तिथंच टाकून ती घराकडं पळत सुटली.

*

ओटीवर पाण्याची ओल होती. लहान पावलांची. दारापासून आत गेलेली.

"आई, बरं झालं आलात," प्राप्ती चुलीपुढून म्हणाली. "पावनी आलीय बघा. कुनाची पोर हो ही? सरळ आत आली आनि बसली. बोलत काय न्हाय. केस ओले होते म्हनून टावेल दिला, तोपन घेतला न्हाय. भुकेली दिसली, मी वाढलं."

दाराकडं पाठ करून पोर बसली होती. पिवळा फ्रॉक. केसांतून पाणी गळत होतं आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर ते जिरत नव्हतं, तसंच तरंगत होतं. पोर भाताचे लहान लहान गोळे करून ताटाच्या कडेनं ओळीत मांडत होती. सगळे मांडून झाल्याशिवाय एकही खायची नाही. किती वेळा मैना तिच्यावर ओरडली होती, "अगं गार होते, खा!"

मैना भिंतीला धरून तिच्यासमोर आली, आणि बसली. पोरीनं वर बघितलं. नऊ वर्षांचीच होती.

मैनेला वाटलं, उचलून पोटाशी धरावी. हात उठलाही होता. पण तिला पक्कं माहीत होतं, एकदा हात लावला तर तो हात पुन्हा सुटायचा नाही. तिनं हात मांडीखाली दाबून ठेवला.

"खा, बाय," ती म्हणाली. "जेवून जा."

पोरीनं एकेक गोळा उचलून खाल्ला. ताट रिकामं झालं. "आये, भात."

मैनेनं टोप ओढला आणि वाढला. सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. तेवढ्यात बाहेर अंगणात गुडगुड आवाज झाला. नव्या गटाराच्या झाकणातून पाणी वर येत होतं. काळं नाही, घाण नाही. स्वच्छ खारं पाणी. ते तुळशीच्या पायथ्याशी गेलं.

"आई, पाणी बघा!" प्राप्ती दारात गेली. "असं कसं आलं?"

"तू खाटेवर बस. पाय वर घे."

"अहो पन..."

"बस सांगतंय ना!"

पोर जेवत होती. एकेक गोळा. लांबून माइकवरचा आवाज आता ठळक झाला, कुणीतरी पाहुण्यांना पुढं बोलावत होतं, "या, या, बसून घ्या, आपलंच आहे!" टाळ्या वाजल्या. पाणी पायरी चढलं.

"आये, अजून."

मैनेनं पुन्हा वाढला. कसा नाही वाढणार? उपाशी गेलेली पोर ती. आईनं हजार वेळा मनातल्या मनात तिच्या ताटात भात घातला होता, आज खरा घालायला मिळत होता. डाव भरून घातला. पाणी उंबऱ्यावरून आत आलं. गार. खाटेच्या पायांना लागलं. चूल फुस्स झाली. प्राप्तीनं पोटावर दोन्ही हात घट्ट धरले होते, आणि पोर जेवता जेवता मान वळवून प्राप्तीच्या पोटाकडं बघत होती. रागानं नाही. आपल्या घरात नवीन काय आलं, ते पोरं बघतात, तसं.

तेव्हा मैनेला कळलं. पोर जेवून जायला आलेली नव्हती. तिला राहायचं होतं. आणि जोवर वाढत राहू तोवर ती उठणार नाही, आणि ती उठत नाही तोवर पाणी उतरणार नाही.

"आये, भात."

टोप अर्धा भरलेला होता. वाफ येत होती. मैनेनं त्यावर झाकण ठेवलं आणि टोप आपल्या पाठीमागं सरकवला.

या घरात अन्न कधी 'संपलं' म्हणायची रीत नव्हती. टोपात शीत नसलं तरी 'वाढला' म्हणायचं. मैनेच्या सासूनं शिकवलं होतं, मैनेनं प्राप्तीला शिकवलं होतं. 

"भात संपला, बाय."

पोरीनं तिच्या तोंडाकडं बघितलं. "खरंच?"

"खरंच."

"आजून भूक हाय, आये."

"मना म्हाईत हाय गं." मैनेनं टोप आणखी मागं ढकलला. "पन संपला."

पोर उठली. ताटातच हात धुतला, शिकवलं होतं तसा. ताट उचलून मोरीत ठेवलं. पाण्यातून चालत दारापर्यंत गेली, तरी पाणी हललं नाही. उंबऱ्याशी थांबून म्हणाली, "मंग मी जातंय."

 तिकडं टाळ्या वाजतच होत्या. खाटेवर प्राप्तीनं पाय आणखी वर ओढून घेतले. मैनेनं डोळे मिटले.

"जा," ती म्हणाली.

डोळे उघडले तेव्हा दारात ऊन होतं. पाणी उंबऱ्यावरून मागं सरत होतं, पायरीवरून, तुळशीपाशी. भिंतीवर ओल्या मिठाची रेघ राहिली.  प्राप्ती कितीतरी वेळानं खाटेवरून उतरली, ओल्या जमिनीवरच मैनेजवळ बसली. तिला सगळं कळलं होतं. नणंद कशी गेली ते सुजितनं तिला लग्नाआधीच सांगितलं होतं.

"आई," ती हळू म्हणाली, "परत येईल का हो?"

"पाटी हाय तवर येल."

"मग?"

मैनेनं पदरानं एक ताट पुसलं आणि पाठीमागचा टोप पुढं ओढला. झाकण काढलं. भात अजून गरम होता.

"मला नको, आई. माझ्यानं न्हाय जाणार."

"तुझाच हाय ता. तुझ्यासाठी ठेवलाय. खा."

प्राप्तीनं घास उचलला. तिनं तो तोंडात घातला. मैना तिच्यासमोर बसून एकेक घास बघत राहिली, आणि भात सरत आला तशी टोप वाकडा करून तळाची खरवड डावानं काढत राहिली, ती सगळी तिनं प्राप्तीच्या ताटात वाढली.